शेवटची अठरा मिनिटं

“कलावती माझी लेक, आली माहेरा भरून,
सुपी सरला जोंधळा, ओवी राहिली उरून.”

हा आवाज माझ्या सासूबाईंचा. गोड नव्हता. मिसरीनं घोगरा झालेला, ओळीच्या शेवटी जात्याबरोबर खाली घसरणारा आणि तिथूनच पुढची ओळ उचलून घेणारा. मी तो दोनदा ऐकला. एकदा तडवळ्यात त्यांच्या सोप्यात, एकदा बार्शीत माझ्या दुकानात. आता घरात आम्ही दोघंच असतो, मी आणि त्या ओवीतली कलावती. बोलणं कामापुरतं. जेवला का, गोळी घेतली का, दार लावलं का.

दुकान रिकामं करायचं ठरलं ते दोन हजार सतराच्या डिसेंबरात. सोमवारी दुपारी रशीदभाई भंगारवाले फळीवरची एक कॅसेट तळहातावर तोलत उभे होते.

“प्लास्टिक हलकं हाय, शेठ. आतली फीत तर कुणी फुकट घेत न्हाई. शेतकरी नेतात तेवढी, पाखरं हाकलायला. ज्वारीवर ताणली की वाऱ्यानं गुणगुणती.”

“सगळं न्या,” मी म्हणालो.

“गुरुवारी चारला टेम्पो आणतो. शुक्रवारी नवा गाळेवाला येणार ना?”

“येणार. मोबाईलची कव्हरं विकणार आहे.”

“चांगलं हाय,” रशीदभाई म्हणाले. “कव्हराला मरण न्हाई.”

आमचं घर दुकानाच्या मागंच, मध्ये एक पडदा. तो बाजूला सारून कलावती आली. हातातली पोह्यांची बशी तिनं काउंटरवर ठेवली.

“खावा, रशीदभाई. पण टेम्पो भरायच्या आधी मला विचारा. कॅसेटी मी बघणार हाय. एकेक.”

“वहिनी, बघायला मशीन तरी चालू हाय का?”

“हाय. मी फडक्यात बांधून ठिवलंय.”

हे मला माहीत नव्हतं. जुना व्हीसीआर मी चार वर्षांपूर्वीच भंगारात टाकायला काढला होता. तो तिनं उचलून धान्याच्या कोठीमागं ठेवला होता, आणि चार वर्षं मला त्याबद्दल एका शब्दानं बोलली नव्हती.

“किती असतील?” तिनं मला विचारलं.

“दोनशे-सव्वादोनशे. बाकी सगळ्या सीडी आहेत.”

“सीडीत माझं काही न्हाई,” ती म्हणाली आणि आत गेली.

ती काय शोधणार होती ते विचारायची मला गरज नव्हती.

मयूर व्हिडिओ मी अठ्ठ्याऐंशी साली काढलं. तेव्हा रविवारी माझ्या दारात रांग लागायची. कॅसेट परत द्यायला कुणी आलं की मी मान वर न करताच विचारायचो, “फिरवून आणलीय ना?” पिक्चर बघून झाल्यावर फीत पुन्हा पहिल्या टोकाला फिरवून आणायची, हा माझ्या दुकानाचा नियम. न फिरवता आणणाऱ्याला मी परत घरी पाठवायचो. लोक हसायचे. लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणीतरी मागून ओरडायचं, गव्हाणे, फिरवून आणलीय ना? पण नियम पाळायचे. माझ्या फळीवर न फिरवलेली कॅसेट कधी उभी राहिली नाही.

मग केबल आली, मग सीडी, मग डीव्हीडी. प्रत्येकीनं थोडं थोडं गिऱ्हाईक नेलं. फोनवर नेट स्वस्त झालं आणि राहिलेलं सगळं एका दिवाळीत गेलं. शेवटचं गिऱ्हाईक पोस्टातले काळदाते. दोन डीव्हीडी परत देताना ते म्हणाले, “प्रल्हादराव, वाईट वाटून घेऊ नका. सुनेनं फोनमध्येच लावून दिलंय.” जणू माझ्या घरातलं कुणी गेलं होतं आणि ते भेटायला आले होते.

दुकानातून पिक्चर भाड्यानं द्यायचे, तसंच लग्न-बारशाचं शूटिंगही मी करायचो. त्र्याण्णवच्या जानेवारीत कलावतीला सातवा लागला आणि तडवळ्याला तिचं डोहाळजेवण झालं. खांद्यावरचा कॅमेरा घेऊन मी गेलो. तीन तासांची कॅसेट. बायका, ओटी, हिरवा चुडा, झोपाळ्याला बांधलेली केळीची पानं, सगळं घेतलं. तिन्हीसांजेच्या आधीच पाहुण्या पांगल्या. कलावती दमून आतल्या खोलीत झोपली. घरातलं पीठ सगळं पंगतीला लागलं होतं, म्हणून सासूबाई सोप्यात जात्यावर बसल्या. मी कॅमेरा ज्वारीच्या पोत्यावर ठेवला. फीत थोडी उरली होती, वाया कशाला घालवा म्हणून बटण चालूच ठेवलं.

त्यांना ते माहीत नव्हतं. दळता दळता त्या एकट्याच गाऊ लागल्या. लेकीच्या नावाच्या ओव्या, एकीतून दुसरी. कलावतीला पहिलं न्हाण आलं ती, कलावतीनं विहिरीत घागर बुडवली ती, कलावती सासरी गेली तेव्हा उंबऱ्यावर राहिलेल्या तिच्या ओल्या पावलांची. सुपातली ज्वारी संपली तरी रिकामं जातं थोडा वेळ फिरत राहिलं. मग फीत संपली आणि कॅमेरा खट् करून थांबला. सासूबाई दचकल्या. “मेल्या, जावई हाईस का चोर?” म्हणाल्या.

कलावती बाळंतपणासाठी तिथंच राहिली. एप्रिलात प्राजक्ता झाली. मे महिन्यात, बारसं व्हायच्या आधीच, सासूबाई कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढायला गेल्या आणि पान लागलं, साप चावला. तासाभरात गेल्या. त्यांचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा चेहरा पदराआड.

जूनमध्ये कलावती बाळाला घेऊन बार्शीत आली. पहिल्या रात्री जेवताना म्हणाली, “ती कॅसेट काढा. आईला बघते.”

“माळ्यावर आहे,” मी म्हणालो. “शोधतो.”

माळ्यावर नव्हती. फेब्रुवारीतच घोटाळा झाला होता. तेव्हा सोलापूरहून नव्या पिक्चरची एकच कॅसेट यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. तेवढ्या वेळात आम्ही तिच्या नकला उतरवायचो. चोरीचाच धंदा, पण सगळी गावं त्यावर पिक्चर बघायची. त्या शुक्रवारी कोऱ्या कॅसेटी संपल्या. लोक लग्नाचं शूटिंग करून घ्यायचे आणि कॅसेट न्यायला यायचेच नाहीत, अशा बेवारशी कॅसेटींचा एक ढीग असायचा. कॅसेटच्या कडेला एक टिकली असते. ती मोडली की तिच्यावर दुसरं काही उतरत नाही. पण मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की मशीन फसतं. डोहाळजेवणाची टिकली मी तडवळ्यातच मोडली होती, जपायची म्हणून. वर नाव मात्र लिहिलं नव्हतं, आणि ती त्याच ढिगात जाऊन पडली होती. ढिगातली एक उचलली, पट्टी लावली, मशीनमध्ये सारली.

चूक झालीय हे मला कळलं मार्चमध्ये, गरड मास्तरांकडून. कॅसेट परत देताना ते म्हणाले, “पिक्चर बरंय, गव्हाणे. पण ते संपल्यावर ती म्हातारी कोण गाती हो जात्यावर? आमच्या आईनं दोनदा ऐकली. पुन्हा हीच कॅसेट आण म्हणती.”

पिक्चर दोन तास बेचाळीस मिनिटांचा होता. कॅसेट तीन तासांची.

त्या वेळी सासूबाई जिवंत होत्या. मला वाटलं, त्यात काय, बारशाला पुन्हा शूटिंग करू.

मंगळवारी सकाळी कलावतीनं दुकानातच टीव्हीसमोर पाट मांडला. उजवीकडं कॅसेटींचा ढीग, डावीकडं बघून झालेल्या. शेजारी स्पिरिटची बाटली आणि जुन्या धोतराचं फडकं, कारण कॅसेटींना बुरशी होती आणि दर पाच-सहा कॅसेटींनंतर मशीनचं हेड भरायचं. ते कसं पुसायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. मी सीडी पोत्यात भरत होतो. दुपारी तिनं जेवण उभ्यानंच केलं.

“उद्या बघ राहिलेल्या,” मी म्हणालो.

“उद्या उद्याच्या बघीन.”

“सापडणार नाही कदाचित. एवढ्या वर्षांत उंदरांनी, पाण्यानं...”

“तुम्ही म्हणायचा माळ्यावर हाय,” ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. “माळाच खाली आणलाय. आता कुठं जाईल?”

बुधवारी प्राजक्ता पुण्याहून आली. ती तिथं एका कंपनीत कामाला. आल्या आल्या तिनं सगळीकडं नजर टाकली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये स्वतःचा फोन धरला.

“बाबा, हे बघा. तुमचं अख्खं दुकान ह्यात आहे. त्याहून जास्तच.”

मी बघितलं. बोटानं चित्रं सरकत होती. एकेका चित्रासाठी मी एकेकाळी सोलापूरच्या एसटीची वाट बघत स्टँडवर उभा राहिलो होतो.

“सगळं मिळतं ह्यात?” कलावतीनं विचारलं.

“सगळं, आई. नाव टाकलं की आलं.”

“मग टाक. यमुना विठोबा पवार, तडवळे.”

प्राजक्तानं फोन खाली ठेवला. “आई, असं काय गं.”

“तू म्हणालीस म्हणून विचारलं. तुझ्याच डोहाळ्याचं हाय. बघ येतंय का.”

प्राजक्ता मुकाट्यानं तिच्या शेजारी बसली आणि कॅसेटी हातात देऊ लागली. मी पडद्याआड चहा टाकला. आधण येईपर्यंत बाहेरचं ऐकू येत होतं. मशीनचा सूं सूं आवाज, मग खट्, मग थोडी खरखर, मग पुन्हा खट्.

“आई, एक विचारू?” प्राजक्ता म्हणाली. “आजीची कॅसेट म्हणजे सुरुवातीपासून आजीचीच असणार ना?”

“हं.”

“आणि बाबांच्या नियमानं सगळ्या कॅसेटी सुरुवातीलाच आहेत. लावायची, दहा सेकंद बघायचं, काढायची. दोन तासांत सगळा ढीग होईल. तू प्रत्येक कॅसेट शेवटापर्यंत का पळवतेस?”

मशीन सूं सूं करत राहिलं.

“माझं मला बघू दे,” कलावती म्हणाली. “तू पुढची दे.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तिथंच, ओट्याला धरून उभा राहिलो. सुरुवात बघत नव्हती ती. पिक्चर संपल्यावर मागं काय उरलंय, ते बघत होती. म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते कळत नव्हतं. चोवीस वर्षं दर दिवाळीच्या आवराआवरीत तिनं विचारलं होतं, “सापडली का हो कॅसेट?” आणि मी म्हणालो होतो, “अजून नाही.” त्या प्रत्येक वेळचा तिचा चेहरा मी आठवून बघू लागलो. नीट आठवेना. मी बहुतेक तिच्याकडं बघतच नसेन.

चहा घेऊन बाहेर गेलो. तिनं कप घेतला, म्हणाली, “साखर विसरलाय.”

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. प्राजक्ता होती म्हणून नाही सांगितलं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला समजावलं.

गुरुवारी दुपारपर्यंत ढिगात तीस-चाळीस राहिल्या. कलावतीचे डोळे लाल झाले होते. गुडघे दुखतात म्हणून तिनं पाटावर उशी घेतली होती. तीन वाजता रशीदभाईंचा फोन आला, गल्लीत टेम्पो वळत नाही म्हणून. प्राजक्ता त्यांना मागच्या बोळानं आणायला गेली. दुकानात आम्ही दोघं राहिलो. फळ्या रिकाम्या. भिंतीवर जिथं पोस्टर होती तिथले चौकोन तेवढे उजळ दिसत होते.

मी सुतळी तोडत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मशीन पळायचं थांबलंय. खरखरही नाही.

“इकडं या,” कलावती म्हणाली.

टीव्ही चालू होता आणि त्यात काही नव्हतं.

“बंद पडलं का?”

“न्हाई. चालूय. बसा.”

मी बसलो नाही.

“तीन दिवस शेवटच बघतीय मी,” ती म्हणाली. “पिक्चर संपला की कोरी फीत लागती. कोऱ्या फितीला मुंग्या येतात, खर्र आवाज येतो. झाडून सगळ्यांना. काहींच्या मागं दुसऱ्या पिक्चरचं तुटकं काहीतरी लागलं, एकीच्या मागं कुणाची तरी वरात लागली. पण काही ना काही, न्हाईतर मुंग्या. हिला मुंग्या न्हाईत. काळं हाय, धुतल्यासारखं. आवाजपण न्हाई.”

मी सुतळी खाली ठेवली.

“घड्याळ लावून बघितलं. अठरा मिनिटं.”

तिनं मशीनमधून कॅसेट काढली, उलटी केली. कडेला टिकलीच्या जागी पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. त्यावर तिनं अंगठा ठेवला.

“कला,” मी म्हणालो, “तुझ्या डोहाळजेवणावर मी पिक्चर उतरवला. शुक्रवारची घाई होती. वर नाव नव्हतं. दुसरीच कुठली तरी वाटली. चुकून झालं.”

“ते मला माहीत हाय.”

“कधीपासून?”

“प्राजक्ता अडीच महिन्यांची होती. गरड मास्तरांची आई बाळ बघायला आली. अंगडं आणलं होतं. म्हणाली, पोरी, तुझी आई पिक्चरच्या मागं बसून गाती. तुझं नाव घिऊन गाती, म्हणून वळखलं. कोण्या पिक्चरच्या, ते तिला सांगता येईना. हाणामारीचं हाय म्हणाली.” ती थोडं हसली. “सगळीच हाणामारीची.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं की. दर दिवाळीला विचारलं.”

बोळातून टेम्पोचा आवाज येत होता. प्राजक्ता कुणाला तरी डावीकडं, डावीकडं म्हणत होती.

“मी म्हणायची, चुकलंय माणूस, लाजतंय. सगळ्या गावानं ऐकलीय ती, आपल्याला कुठं जाती? एक दिवस आपणहून आणून दील. डोहाळजेवण गेलं तर जाऊ द्या. तेवढं मागचं.” तिनं कॅसेट माझ्याकडं धरली. “मी झोपले होते ना हो तवा? मला नुसतं जातं आठवतंय, झोपेत. शब्द न्हाईत.”

मी कॅसेट घेतली नाही. पुढं काय येणार ते मला कळलं होतं, आणि ती ते इतक्या हळू आवाजात विचारेल असं वाटलं नव्हतं.

“पिक्चर तर अठरा मिनिटं आधीच संपला. मग हे काळं कुठनं आलं? मशीनला वायर न लावता रेकॉर्डचं बटण दाबलं की असं काळं येतं. तुम्हीच शिकवलंय मला.”

“हो.”

“मी बाळ घिऊन आल्यावर केलंत? आई गेल्यावर?”

“हो.”

“मास्तरांची म्हातारी पुन्हा पुन्हा मागायची म्हणून? मला कळंल म्हणून?”

टेम्पो दारात थांबला. रशीदभाईंनी बाहेरून शटर वाजवलं. कलावतीनं तिकडं बघितलं नाही.

“हेपण चुकून झालं असंल,” ती म्हणाली. “म्हणा तसं. मी ऐकीन.”

तिनं ती वाट मला खरंच मोकळी करून दिली होती. चुकून बोट पडलं, एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्या अंगठ्याखालच्या पट्टीकडं बघितलं.

“नाही,” मी म्हणालो. “दुपारी दुकान लावून घेतलं. आधी सगळं ऐकलं. मग पुसलं.”